संयोगभूमीतील कॉफी

मेक्सिकोच्या दक्षिणेस जेथे दोन महासागर एकमेकांच्या अगदी जवळ येतात, त्या तेहुआन्तेपेकच्या संयोगभूमीलगत ओआक्साका प्रांताच्या डोंगरउतारांवर झापोतेक, मिहे आदी मूळ रहिवासी जमातींची लहान लहान गावे वसलेली आहेत. मका आणि घेवडा हे त्यांचे पोटाचे अन्न, आणि हाती रोकड देणारे पीक म्हणजे उंच वृक्षांच्या छायेत वाढणारी कॉफी. फळ पिकून लाल झाले की ते हातांनी वेचून खुडावयाचे, त्याचा गर काढावयाचा, बिया आंबवून, स्वच्छ पाण्यात धुऊन उन्हात वाळवावयाच्या, असा सारा खटाटोप करून एखादे कुटुंब जो माल सिद्ध करी, त्याचे मोल ठरविण्याचा अखत्यार मात्र दारात येणाऱ्या दलालाकडे असे. या दलालाला तेथील लोक 'कोयोटे', म्हणजे लांडग्याच्या कुळातला एक रानटी प्राणी, असे म्हणत आले आहेत. ट्रक त्याचा, तराजू त्याचा, सुगीपूर्वी अडीअडचणीला दिलेली उचलही त्याचीच. मग भावाची घासाघीस कोणी आणि कोणत्या बळावर करावी? ज्यांनी आपल्याकडील आडतीवर रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे पाहिले आहेत आणि बाजूस मुकाट उभा असलेला मालाचा धनीही पाहिला आहे, त्यांना ही स्थिती निराळी समजावून सांगावयास नको.

१९८०च्या सुमारास फ्रान्स व्हान डर हॉफ नावाचे एक डच धर्मोपदेशक या भागात येऊन राहिले आणि शेतकऱ्यांबरोबर शेतीत राबू लागले. गावोगावच्या बैठकांत लोकांनी आपल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, आणि त्यातून 'उसिरी' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा, संयोगभूमीतील आदिवासी समाजांचा सहकारी संघ १९८३ साली रीतसर नोंदला गेला. सर्वांनी मिळून विनामूल्य सार्वजनिक काम करण्याची 'तेकियो' ही परंपरा या गावांत फार जुनी. सभेत बसून निर्णय घेण्याची रीतही जुनीच. माझ्या मते या चळवळीचे खरे भांडवल तेच होते. संघाने माल एकत्र केला, वाहतूक आपल्या हाती घेतली आणि परदेशी खरेदीदारांशी स्वतः बोलणी आरंभिली.

दानधर्म नको, कष्टाचे रास्त मोल हवे, हे या शेतकऱ्यांचे मागणे घेऊन व्हान डर हॉफ आणि सॉलिडारिडाड संस्थेचे निको रोझेन यांनी १९८८च्या नोव्हेंबरात नेदरलँड्समध्ये 'माक्स हावेलार' हे रास्त व्यापाराचे चिन्ह प्रचारात आणले. ज्या १८६० सालच्या कादंबरीतून हे नाव घेतले, तिने जावा बेटावरील कॉफीच्या सक्तीच्या लागवडीखाली भरडल्या जाणाऱ्या रयतेची कैफियत डच वाचकांपुढे मांडली होती. चिन्ह लागलेली कॉफी साध्या दुकानांतून मिळू लागली, हेच त्यातील नावीन्य. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यातीचे कोटे मोडीत निघाले आणि भाव कोसळले. २००१ साली तर ते पौंडास ५० सेंटांच्याही खाली गेले. त्या काळी रास्त व्यापाराच्या नियमानुसार पौंडास किमान १ डॉलर २६ सेंट, आणि सेंद्रिय मालास आणखी १५ सेंट मिळत. एवढा फरक म्हणजे डोंगरातील कुटुंबाला केवळ दिलासा नव्हे, तर शेत टिकविण्याचा आधार होता.

सेंद्रिय म्हणजे रसायने न घालणे, इतकाच अर्थ आपण पुष्कळदा घेतो. रसायने घ्यावयास पैसा नसल्याने ती तशीही या शेतांत क्वचितच पडत; परंतु पालापाचोळ्याचे खत कुजविणे, उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालणे, सावलीची झाडे छाटणे आणि या सर्वांची नोंद ठेवणे, हे वेगळेच परिश्रम होत. एकेका शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपणारा नसल्यामुळे संघाचेच निरीक्षक शेतोशेती फिरतात, आणि बाहेरून येणारा तपासनीस त्यांचे दप्तर व निवडक शेते पारखतो.

या व्यवस्थेत उणिवा आहेत, आणि त्या झाकण्यात शेतकऱ्यांचे हित नाही. प्रमाणित केलेला सर्व माल रास्त भावाने खपतोच असे नाही. बाजार चढला की कोयोटे रोख पैसे घेऊन पुन्हा दारात उभा राहतो, तर संघाचे पैसे हप्त्यांनी मिळतात. घरात आजारी माणूस असेल तर शेतकरी कोणाकडे वळेल, हे सांगावयास नको. शिवाय एका मोठ्या अमेरिकी संस्थेने बड्या मळ्यांनाही रास्त व्यापाराच्या आपल्या चिन्हाचे दार उघडले. लॅटिन अमेरिकेतील लहान उत्पादकांच्या संघटनांनी २००६ साली केवळ स्वतःच्या वर्गापुरते वेगळे चिन्ह काढले होते, ते अशा शिरकावाची धास्ती घेऊनच.

२०१२नंतर तांबेरा रोगाने मध्य अमेरिकेपासून दक्षिण मेक्सिकोपर्यंत बागा उजाड केल्या, आणि जुन्या जातींची, वयाने थकलेली झाडे सर्वांत आधी निष्पर्ण झाली. रोगास दाद न देणारी रोपे वाढवून बागा पुन्हा उभ्या करण्याचे काम संघांना हाती घ्यावे लागले. परंतु नव्या रोपाला फळ धरण्यास तीन-चार वर्षे लागतात, आणि तेवढा काळ घरातील तरुण हात मजुरीच्या शोधात शहराकडे किंवा उत्तरेच्या सीमेकडे निघून जातात.