माहुलीचा शहाजी, नाणेघाटातला सातकर्णी

आसनगाव स्टेशनातून शहापूरकडे निघाले की माहुलीचे सुळके नजरेत भरतात. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशा तीन भागांच्या या किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांची निजामशाही वाचवण्याची धडपड संपली. दौलताबाद १६३३ मध्ये मोगलांकडे गेल्यावर त्यांनी निजामशाही घराण्यातल्या मुर्तझा नावाच्या मुलाला पेमगिरीवर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. पुढे मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान यांच्या फौजा माहुलीला भिडल्या, तेव्हा तो मुलगाही सोडावा लागला आणि किल्लाही. शहाजी आदिलशाहीच्या चाकरीत गेले. शहापूर तालुक्यातल्या कुणाला याविषयी वाचावेसे वाटले, तर तो ग्रंथालयात जाऊन शहाजीराजांवरची पुस्तके मागेल. घोटाळ्याला सुरुवात तिथेच होते, कारण ग्रंथांच्या जगात शहाजीराजे एक नाहीत.

शिवाजी महाराजांचे वडील शहाजी १६६४ मध्ये वारले. त्यांचे धाकटे पुत्र व्यंकोजी तंजावरला राज्य करू लागले आणि व्यंकोजींच्या मुलाचे नावही शहाजी. आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल मराठा घराण्यांत सर्रास होती, तेव्हा यात नवल काही नाही. हा दुसरा शहाजी १६८४ ते १७१२ या काळात तंजावरच्या गादीवर होता आणि तो स्वतः लेखक होता. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक त्याचे. तेलुगूतही त्याने पुष्कळ लिहिले. पंडितांना त्याने तिरुविसनल्लूर हे गाव इनाम दिले आणि त्या गावाला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. आता ग्रंथांकडे पाहा. थोरल्या शहाजींच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला. वि. का. राजवाडे यांनी दीर्घ प्रस्तावना जोडून तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. तंजावरच्या शहाजीवर श्रीधर वेंकटेश या कवीने ‘शाहेंद्रविलास’ लिहिला. तो व्ही. राघवन यांनी संपादित केला आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये छापला. दोन्ही काव्ये मुख्यतः संस्कृत, दोन्ही दक्षिणेतल्या भोसले दरबारातली, दोन्हींत गौरव शहाजी राजाचा. त्यात भर म्हणून एका शहाजीची स्वतःची पुस्तके आहेत आणि दुसऱ्याची नाहीत. ‘शहाजी’ एवढ्याच शब्दाखाली नोंद झाली, तर आजोबांच्या खात्यावर नातवाची नाटके जमा व्हायला कितीसा वेळ लागणार? उलटही घडते. शहाजी, शाहजी, शहाराज, शाह अशी लेखनाची रूपे बदलत गेली की एकच माणूस सूचीत चार ठिकाणी विखुरतो.

हा प्रश्न आज जास्त टोचतो, त्याचे कारण पुनर्मुद्रण सोपे झाले आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना खुले होते. राजवाडे १९२६ च्या अखेरीस गेले, म्हणजे त्यांचे ग्रंथ आज कुणीही छापू शकतो. ही गोष्ट चांगलीच आहे. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक शहापूर-मुरबाडच्या वाचकाच्या हातात परवडेल अशा किमतीत पडावे, यासारखे सुख नाही. पण जुन्या पुस्तकाचा फोटो काढून नवे मुखपृष्ठ चढवले की काम संपले, ही समजूत मात्र मान्य होण्यासारखी नाही. पुस्तकातला माणूस त्याच नावाच्या अनेकांपैकी कोणता, हे आपण कशावरून म्हणतो आणि मूळ पुस्तक छापल्यानंतर त्या ओळखीत काही बदल झाला का, एवढे सांगणारे एक पान पुनर्मुद्रण करणाऱ्याने जोडलेच पाहिजे. ते पान वाचकाचा हक्क आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वाचक काही अडाणी नसतो, संदर्भावरून त्याला माणूस कळतो. माहुलीचे नाव आले की शहाजी म्हणजे शिवरायांचे वडील, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शहाजींच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे, पण माहुलीच्याच बाबतीत नाही. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर दुसरी माहुली आहे. बेळगावला लागून दुसरे शहापूर आहे. माहुलीवर ताब्यात दिला गेलेला मुर्तझा हा निजामशाहीतला त्या नावाचा तिसरा, आणि अहमदनगरचे हे निजामशहा वेगळे, हैदराबादचे निजाम वेगळे. पेशवाईतल्या एखाद्या जुन्या पत्रात नुसते ‘माहुली’ आले, तर शहापूरचा वाचक ती आपलीच धरणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. शिवाय संदर्भ मदतीला धावून येतो तो ज्याला आधीच बरेच काही माहीत आहे त्याच्या. पुनर्मुद्रित पुस्तक विकत घेणारा तर माहीत नाही म्हणूनच ते घेत असतो.

संदर्भ कुठवर पुरतो याची खरी परीक्षा मुरबाड तालुक्याच्या वेशीवर होते. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे गाव लागते. तिथल्या परिसरातून नाणेघाटाची चढण सुरू होते. वर पोचले की जुन्नर तालुका लागतो. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागणिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांची नोंद त्यात केलेली आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव कोरले होते. त्या नावांत राजा सिमुक सातवाहन आहे, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी आहेत, आणि कुमार सातवाहन असेही एक नाव आहे. म्हणजे एकाच भिंतीवर सातवाहन दोनदा येतो. त्यातला सातकर्णी तर पुढच्या दोन-तीनशे वर्षांत इतक्यांदा येतो की अभ्यासकांनी त्याला क्रमांक लावले. पुराणांतल्या राजांच्या याद्यांत एकाहून जास्त सातकर्णी आहेत. कलिंगाच्या खारवेलाचा हाथीगुंफा लेख पश्चिमेकडच्या एका सातकर्णीचा उल्लेख करतो. सांचीच्या दक्षिण तोरणावर राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. हे सगळे उल्लेख नाणेघाटातल्याच सातकर्णीचे, असे काही अभ्यासक मानतात. सांचीचा सातकर्णी पुढचा, असे दुसरे म्हणतात. दगडावर ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ असे कुठेही लिहिलेले नाही. तो आकडा आपला आहे. तो तर्क आहे, बहुधा चांगला तर्क, पण पुस्तकात ‘पहिला सातकर्णी’ असे छापले गेले की वाचकाला ते त्या राजाचे नावच वाटते.

सातवाहनांनाही याची अडचण जाणवली असावी, असे म्हणावेसे वाटते, कारण नंतरच्या राजांनी नावाआधी आईचे गोत्रनाम लावलेले दिसते. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र सातकर्णी. किती सुरेख सोय! पण तीही पुरत नाही. नाशिकच्या लेण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याच्या काही पिढ्यांनंतरचा यज्ञ सातकर्णी, दोघेही गौतमीपुत्र. गिरनारच्या लेखात महाक्षत्रप रुद्रदामन आपण दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवल्याचे आणि नाते जवळचे म्हणून त्याला सोडून दिल्याचे सांगतो. हा सातकर्णी कोणता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा संबंध महाक्षत्रपांच्या कुळाशी जोडलेला आहे, म्हणून पुष्कळांचा कल त्याच्याकडे जातो. इथे संदर्भ काही ठरवून देत नाही. तो फक्त शक्यता कमी करतो. नावाला जोडलेली एकच खूण माणूस ओळखायला पुरत नाही, नाते, ठिकाण आणि काळ यांतल्या दोन-तीन खुणा जुळाव्या लागतात, हे या राजांच्या यादीतून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

ठाणे जिल्ह्याचे जुने इंग्रजी गॅझेटिअर १८८२ मध्ये निघाले. जेम्स कॅम्पबेल त्याचे संकलक होते. नाणेघाटाचे त्यातले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. पण लेखांचे सविस्तर वाचन गेओर्ग ब्यूलर यांनी प्रसिद्ध केले ते त्यानंतरच्या वर्षी. रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास आला १८८४ मध्ये, आणि वा. वि. मिराशी यांचा सातवाहन-क्षत्रपांच्या लेखांवरचा ग्रंथ तर त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. १८८२ चा मजकूर टिपेशिवाय पुन्हा छापला, तर मुरबाडचा वाचक आपल्याच तालुक्याबद्दल त्या सालापर्यंतचेच ज्ञान घेऊन उठतो, आणि ते जुने आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो. त्यातही पुन्हा नामसाम्य आहेच. रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) आणि त्यांचे पुत्र देवदत्त रामकृष्ण भांडारकर (१८७५–१९५०), दोघांनीही सातवाहनांवर लिहिले. तळटीपेत नुसते ‘भांडारकर’ आले, तर वडिलांचे मत की मुलाचे? दोघांच्या लिखाणात तीस-पस्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात नवे लेख आणि नवी नाणी सापडली होती. राजांचे घोटाळे सोडवणारेच अशा घोटाळ्यात सापडतात, याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. आद्याक्षरे गाळून छापणाऱ्यांकडे जातो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुने पुस्तक हे एक कागदपत्र आहे, त्यात हात घालू नये, राजवाड्यांचे राजवाड्यांपाशीच राहू द्यावे. हे म्हणणे पूर्ण पटते. मजकुरातले अक्षरही बदलू नये, चूक दिसली तरी बदलू नये. पण मजकुराच्या आधी किंवा शेवटी वेगळे पान जोडणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे. राजवाड्यांनी स्वतः चंपू छापताना हेच केले. जयरामाचे काव्य जसेच्या तसे ठेवले आणि आपले म्हणणे प्रस्तावनेत मांडले. त्या प्रस्तावनेतली काही मते आज कुणी तशीच्या तशी स्वीकारणार नाही, म्हणून तर तिच्याही आधी आजचे एक पान हवे. तिसरा आक्षेप असा की ओळख चुकली तर टीप नसलेलीच बरी. पण टिपेत निकाल द्यायलाच हवा असा नियम नाही. ‘हा सातकर्णी कोणता याविषयी मतभेद आहे’ हे वाक्यही टीप आहे, आणि नाणेघाटाच्या बाबतीत अनेकदा तेच सर्वांत प्रामाणिक ठरेल. खर्चाचा आक्षेप राहिला. एका पानाचा कागद पुस्तक महाग करत नाही. ते पान लिहू शकणाऱ्या माणसाला विचारण्याचे कष्ट मात्र पडतात, आणि टाळले जातात ते कष्टच.

मुरबाड तालुक्याने उलट्या बाजूचा धडाही दिला आहे: एकाच माणसाची अनेक नावे. मुंबईच्या जडणघडणीत ज्यांचा वाटा फार मोठा, ते नाना शंकरशेट १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला जन्मले आणि ३१ जुलै १८६५ रोजी वारले. त्यांचे नाव जगन्नाथ, वडिलांचे शंकरशेट, आडनाव मुरकुटे, लोकांच्या तोंडी नाना. इंग्रजांनी वडिलांचे नावच आडनाव धरले आणि ते मनाला येईल तसे रोमन लिपीत लिहिले. रेल्वेच्या, शिक्षणाच्या, बॉम्बे असोसिएशनच्या जुन्या कागदांत त्यामुळे ते निरनिराळ्या रूपांत भेटतात. मराठीत पु. बा. कुलकर्णी यांनी त्यांचे मोठे चरित्र लिहिले, गंगाधर गाडगीळ यांनी ‘प्रारंभ’ ही कादंबरी लिहिली. आता हे सगळे एकत्र शोधायचे तर सूचीत ‘ज’खाली पाहायचे, ‘श’खाली, ‘म’खाली की ‘न’खाली? आणि ‘न’खाली गेले की तिथे नाना फडणवीस आहेत, पेशवे नानासाहेब आहेत, १८५७ चे नानासाहेबही आहेत. एवढेच काय, इंग्रजी ग्रंथांनी नाणेघाटाचा ‘नाना घाट’ केला आणि शेजारच्या सुळक्याला लोक नानाचा अंगठा म्हणतातच. त्या घाटाचा आणि मुरबाडच्या नानांचा काही संबंध नाही, हेसुद्धा कधीतरी कुणीतरी लिहून ठेवायला हवे.

ही अडचण आपल्या लोकांना नवी नव्हती, आणि तिच्यावरचा उपायही. पेशव्यांकडे आजोबा बाळाजी विश्वनाथ, नातू बाळाजी बाजीराव, मधले बाजीराव बल्लाळ. वडिलांचे नाव जोडल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. जुन्या कागदांत ‘अमुक बिन तमुक’ असे लिहीत ते त्याचसाठी. आजही शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या गावात एकाच नावा-आडनावाची माणसे निघतात, तेव्हा सातबाऱ्यावर वडिलांचे नाव आणि गट क्रमांक पाहिल्याशिवाय कुणी जमिनीचा व्यवहार करत नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली, तिचा खंड १९४३ मध्ये निघाला, आणि एवढ्या पुस्तकांना लेखकाचे नाव, साल आणि ठिकाण यांसकट जागच्या जागी बसवण्याचे काम किती चिकाटीचे असते हे तिची पाने चाळताना समजते. माहुलीवरच्या किंवा शहाजीराजांवरच्या पुनर्मुद्रणाला याहून काही अवघड लागणार नाही. शहाजी बिन मालोजी भोसले, मृत्यू १६६४, शिवाजी महाराजांचे वडील. तंजावरचे शहाजी बिन व्यंकोजी हे त्यांचे नातू, लेखन त्या नातवाचे. माहुली ही ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली, साताऱ्याची नव्हे. मूळ आवृत्ती अमुक सालची, त्यानंतर बदललेली मते पुढीलप्रमाणे. नाणेघाटाच्या पुस्तकात एक ओळ जास्त येईल: सातकर्णीपुढचा क्रमांक अभ्यासकांनी दिलेला आहे, भिंतीवर तो नाही. त्या भिंतीवरच्या मूर्तींपैकी आज पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वर कोरलेली नावे.