आधी पैसे, मग किल्ली

डोमेन विकायला काढलं की सगळे विचारतात, भाव किती? माझ्या मते पैसे आणि ताबा यांतलं आधी काय, हे त्याहून महत्त्वाचं. आंबाविक्रीसाठी घेतलेलं माझं डॉट कॉम नाव घ्यायला एक गृहस्थ तयार झाले. "आधी ट्रान्स्फर कोड पाठवा, लगेच पैसे टाकतो," म्हणाले. मी स्पष्ट नकार दिला. तो कोड म्हणजे घराची किल्लीच. त्याच्या जोरावर नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, नेता येतं.

आम्ही एस्क्रोचा मार्ग धरला. खरेदीदार रक्कम तिसऱ्या संस्थेकडे ठेवतो. नाव त्याच्या खात्यात पोहोचलं की संस्था ती रक्कम विक्रेत्याला देते. शुल्क पडतं, पण पहिल्या व्यवहारात ते द्यावंच.

आता भावाबद्दल. 2019 मध्ये व्हॉइस डॉट कॉम 3 कोटी डॉलरना विकलं गेलं. असे आकडे मनात धरून भाव सांगू नका. नामांकित ब्रँडचं नाव घेऊन ठेवलं असेल, तर विकायचा विचारही नको. डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या 1999च्या यूडीआरपी या वादनिवारण धोरणाखाली ते काढून घेतलं जाऊ शकतं. आणि एखादा अनोळखी ग्राहक मोठी रक्कम देऊ करून "आधी अमुक ठिकाणाहून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र विकत घ्या" म्हणाला, तर बोलणं तिथंच थांबवा. ही जुनी फसवणूक आहे.