अंगठा दिला, पण कशाला?

पनवेलच्या एका वस्तीत, विहाराच्या सभागृहात आरोग्य शिबिर भरले होते. रक्त घेतले, आधारचा नंबर आणि मोबाईल लिहून घेतला, छापील कागदावर सही-अंगठा घेतला. कागद इंग्रजीत. आम्ही वाचला, तर माहिती संशोधनासाठी वापरण्याची संमती त्यात होती. रांगेतल्या आयाबहिणींना विचारले, तर म्हणाल्या, "साखर फुकट तपासतात ना, मग करायची सही." खोताच्या कागदावर आमच्या आज्या-पणज्यांनी असेच अंगठे दिले. त्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांना 1937 साली विधिमंडळात विधेयक आणावे लागले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी केली. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा, बायका दीड लाख. निम्म्यांना तपासले, निम्म्यांना केवळ आरोग्यशिक्षण दिले. तपासलेल्या गटात या रोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. हे ज्ञान गरिबांच्याच कामाचे आहे, ते आम्ही नाकारत नाही. भारतात अशी सरकारी तपासणी नव्हतीच, असे संशोधकांचे म्हणणे. पण अमेरिकन सरकारच्याच देखरेख कार्यालयाने ठपका ठेवला, की तपासणी न मिळणाऱ्या बायकांना पॅप चाचणीचा पर्याय पुरेसा समजावला नव्हता. संमती होती, माहिती नव्हती! अशा संमतीला आम्ही वकील मंडळी कोर्टात काय म्हणतो, हे सांगायला नको.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र ठराविक अटींवर संशोधनाला सूट देतो. नावे खोडतो, असे सांगितले जाते. पण वस्तीचे नाव लिहिले की आमची जात आपोआप कळते. वस्ती, वय, आजार एवढे जुळले तर माणूसही सापडतो. मुलीचे लग्न, पोराची नोकरी, दोन्हीला क्षयाची एक नोंद पुरते.

पुढच्या शिबिरात कागद मराठीत हवा, तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि सही नाकारली तरी साखर तपासावी, असे आम्ही आयोजकांना लिहून दिले. माहिती कोणाकडे जाणार, तेही विचारले. उत्तर अजून आलेले नाही. विहाराची चावी आमच्या कमिटीकडे आहे.