विश्लेषण : जनुकांना गप्प बसवणारी प्रथिने आपले ठिकाण कसे शोधतात?

रसवंतीच्या चोथ्यावर, गुऱ्हाळाच्या मळीवर किंवा घरात दोन दिवस जास्त राहिलेल्या केळ्यांवर बारीक चिलटे घोंघावतात. ड्रोसोफिला ही त्यांच्यातलीच एक. पेरू-आंब्याला डंख मारून शेतकऱ्याचे नुकसान करणारी फळमाशी वेगळी. ही त्या मानाने निरुपद्रवी. या चिलटाच्या पेशींत काही प्रथिने ठरावीक जनुकांना आयुष्यभर गप्प ठेवतात. तशीच प्रथिने माणसातही आहेत आणि त्यांचे काम बिघडले की काही प्रकारचे कर्करोग होतात. म्हणूनच कोट्यवधी अक्षरांच्या जनुकसंचात ती नेमक्या जागी कशी पोहोचतात, हा प्रश्न डॉक्टरांच्याही जिव्हाळ्याचा झाला आहे.

जनुकाला गप्प बसवायचे कशासाठी?

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. डोळ्याच्या पेशीत पाय घडवणारी जनुकेही असतातच, फक्त ती बंद असतात. ती चुकून उघडली तर काय होते, हे १९४७ मध्ये अमेरिकेत पामेला लुईस यांना सापडलेल्या एका चिलटाने दाखवले. ड्रोसोफिलाच्या नराला फक्त पुढच्या दोन पायांवर राठ केसांचा कंगव्यासारखा पट्टा असतो. या चिलटाच्या मधल्या आणि मागच्या पायांवरही तो होता. त्यावरून या बदलाचे नाव पडले ‘पॉलिकोंब’, म्हणजे पुष्कळ कंगवे.

पामेला यांचे पती एडवर्ड लुईस यांनी १९७८ मध्ये याचा अर्थ लावला. पॉलिकोंब जनुकाचे काम इतर जनुकांना बंद ठेवण्याचे आहे. ते बिघडले की एका अवयवाची जनुके दुसरीकडे उघडतात. शरीराची आखणी करणाऱ्या जनुकांवरील संशोधनासाठी लुईस यांना १९९५ मध्ये नोबेल मिळाले.

पुढे या कामातली आणखी प्रथिने सापडली. त्यांचे मुख्य दोन गट. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. एक गट या रिळाच्या शेपटावर मिथाइलची रासायनिक खूण लावतो. दुसरा ती खूण ओळखून तिथे बसतो आणि तो भाग आवळून जनुक बंद ठेवतो. खूण लावणारे प्रथिन कोणते, हे २००२ मध्ये चार प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले.

अडचण कुठे आहे?

या दोन्ही गटांच्या मुख्य प्रथिनांना डीएनएवरची अक्षरे वाचता येत नाहीत. शिक्का मारणारा कारकून आहे, कुलूप लावणारा शिपाई आहे. पण दोघांनाही पत्ता वाचता येत नाही, अशी ही गंमत. पत्ता वाचणारी प्रथिने वेगळी आहेत. त्यातली ‘फो’ आणि ‘गागा’ ही दोन महत्त्वाची.

पण तीही फार लहान शब्द ओळखतात. फोला लागतो ‘जी-सी-सी-ए-टी’ आणि गागाला ‘जी-ए-जी-ए-जी’. दोन्ही पाचच अक्षरांचे. चिलटाच्या जनुकसंचात सुमारे १८ कोटी अक्षरे आहेत आणि वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. पाच अक्षरांचा कोणताही एक शब्द निव्वळ योगायोगानेही तिथे सुमारे पावणेदोन लाख वेळा येईल. प्रत्यक्षात पॉलिकोंब गटाची प्रथिने ठळकपणे गोळा होतात ती फक्त काहीशे ठिकाणी. २००६ मध्ये तीन गटांनी जनुकसंचभर त्यांच्या जागांचे नकाशे काढले, तेव्हा हे स्पष्ट झाले.

मग पत्ता सापडतो कसा?

जुन्या कोल्हापुरात घर नंबरावरून सापडत नाही. पापाची तिकटी, तिथून डावीकडे, पाराशेजारची गिरण, असे सांगावे लागते. पार पुष्कळ पेठांत आहेत, गिरण्याही आहेत; पण ठरावीक तिकटीजवळ पार आणि गिरण शेजारी शेजारी, अशी जागा एकच. चिलटाच्या डीएनएमध्येही बंद ठेवायच्या जनुकाजवळ काहीशे अक्षरांचा असा एक पट्टा असतो, जिथे फो, गागा आणि त्यांच्यासारख्या इतर प्रथिनांचे शब्द दाटीने एकत्र येतात. शास्त्रज्ञ त्याला ‘पॉलिकोंब रिस्पॉन्स एलिमेंट’ म्हणतात. आपण ‘पत्त्याचा पट्टा’ म्हणू.

हे सिद्ध करण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’चे माजी संचालक राकेश मिश्रा हे २००१ मधील एका महत्त्वाच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. जिनिव्हा आणि प्रिन्स्टन येथील गटांसोबत त्यांनी पोटाच्या सातव्या खंडाशी संबंधित असा एक पट्टा तपासला. पद्धत साधी, पण नामी होती. डोळ्याला लाल रंग देणाऱ्या जनुकाशेजारी हा पट्टा जोडायचा आणि डोळ्यांचा रंग पाहायचा. पट्टा काम करत असेल तर रंगाचे जनुक दबते आणि डोळे फिके पडतात.

मग पट्ट्यातले गागाचे शब्द बदलून पाहिले, फोचे बदलून पाहिले. यातले कोणतेही एक बिघडवले तरी जनुक गप्प बसेना. म्हणजे दोन्ही हवीत. यात आश्चर्याचा भाग असा की गागा एरवी जनुके उघडणारे प्रथिन म्हणून ओळखले जात होते. शिवाय या पट्ट्यावर हिस्टोनची रिळे नव्हती. डीएनए तिथे उघडा होता. बंद करणाऱ्या यंत्रणेचे ठाणे स्वतः मात्र उघड्या जागेत!

तरीही पत्त्याचे व्याकरण पूर्ण उलगडलेले नाही. २००३ मध्ये संगणकाने अशा शब्दांच्या जोड्या शोधून चिलटात १६७ पट्टे असावेत, असा अंदाज दिला. तीन वर्षांनी प्रत्यक्ष नकाशे आले तेव्हा त्यातले बरेच जुळले नाहीत. शब्दांसोबत त्यांची मांडणी, शेजार आणि प्रथिनांनी एकमेकांना दिलेला आधारही मोजावा लागतो.

पुण्यातील ‘आयसर’मध्ये एल. एस. शशिधर यांच्या गटापुढे याच जातीचे कोडे होते. पुढच्या पंखात पॉलिकोंब ज्या जनुकाला गप्प ठेवते, ते ‘अल्ट्राबायथोरॅक्स’. मागच्या बाजूला मात्र ते उघडे असते आणि तिथे पंखाऐवजी गदेसारखा तोल सांभाळणारा छोटा अवयव तयार होतो. या जनुकाचे प्रथिन ज्या कुळातले आहे, ते कूळ मुळात ‘टी-ए-ए-टी’ हा चारच अक्षरांचा शब्द ओळखते. ते कुठे कुठे बसते, याचा जनुकसंचभर शोध या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

एकदा खूण लागली की काम संपते का?

बरीच वर्षे असे वाटत होते. पेशी दुभंगताना रासायनिक खुणा दोन्ही लेकींत वाटल्या जातात, दुसऱ्या गटाच्या प्रथिनांना त्या पुरतात, मग पत्ता हवाच कशाला? २०१७ मध्ये जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटांनी स्वतंत्रपणे एकच प्रयोग केला. जनुक गप्प झाल्यावर वाढत्या अळीत शेजारचा पट्टा कापून टाकला. खुणा लगेच गेल्या नाहीत. काही काळ जनुक गप्पच राहिले. पण प्रत्येक विभाजनात खुणा विरळ होत गेल्या आणि जनुक पुन्हा उघडले. आठवण काही पिढ्या टिकते, पण ती ताजी ठेवायला पत्ता जागेवर असावाच लागतो.

माणसात काय होते?

इथे चिलटाचा नकाशा जसाच्या तसा चालत नाही. खूण लावणारे प्रथिन माणसात ‘ईझेडएच-२’ या नावाने आहे. पण चिलटासारखे सुटसुटीत पट्टे सस्तन प्राण्यांत सहसा दिसत नाहीत. तिथे सी आणि जी ही अक्षरे दाटीने असलेले लांब भाग बऱ्याच अंशी पत्त्याचे काम करतात.

काही लिम्फोमांमध्ये ईझेडएच-२ बदलून अतिउत्साही होते आणि नको ती जनुके गप्प करते. लहान मुलांच्या मेंदूतील एका जीवघेण्या गाठीत उलट घडते : ज्या जागी खूण लावायची ती २७ व्या क्रमांकाची जागाच हिस्टोनमध्ये बदललेली असते, असे २०१२ मध्ये आढळले. ईझेडएच-२ रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये एका दुर्मीळ सार्कोमासाठी मान्यता दिली. मात्र हे औषध पत्ता पाहत नाही. ते या प्रथिनाला सगळीकडेच अडवते, म्हणजे जिथे जनुक गप्प राहायलाच हवे तिथेही. रक्ताच्या काही कर्करोगांत हेच प्रथिन कमी पडलेले असते. त्यामुळे औषधाच्या माहितीपत्रकात, उपचारानंतर दुसराच कर्करोग उद्भवू शकतो, अशी सूचना छापण्यात आली.