ट्रॉलीचा हुक : बसवताना आणि जोडताना



ऊसतोड सुरू झाली की सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. डिझेल, ऑइल, टायरची हवा हे सगळं आपण न चुकता बघतो. पण एवढा माल ज्या वीतभर पिनेवर ओढायचा, ती पिन कोण बघतो? पिन हरवली म्हणून बांधकामाच्या सळईचा तुकडा घालून भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढणारेही आहेतच.

पहिला प्रश्न, ट्रॉली जोडायची कुठं? ट्रॅक्टरच्या बुडाशी, मागच्या ॲक्सलच्या खालच्या अंगाला पक्का बसवलेला जो हुक असतो, तिथंच. हायड्रॉलिकच्या खालच्या दोन दांड्यांमध्ये भोकांची आडवी पट्टी असते, तिला ट्रॉली लावण्याचा मोह होतो, कारण जोडणी सोपी पडते. पण हे दांडे वर-खाली होणारे. चुकून लिव्हरला धक्का लागला आणि पट्टी वर गेली, की ओढही वर जाते. ओढ ॲक्सलच्या वर गेली की पुढची चाकं उचलतात आणि चढावर ट्रॅक्टर मागं उलटतो. हे इतक्या झटक्यात होतं, की उडी मारायलाही सवड मिळत नाही. वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून ओढणं तर त्याहून वाईट.

नवा हुक घेताना आपल्या ट्रॅक्टरच्या मॉडेलचाच घ्या. कंपनीनं दिलेल्या भोकांत तो बोल्टनं बसला पाहिजे. ट्रॅक्टरचा मागचा भाग बिडाचा, त्यावर वेल्डिंग करून हुक चिकटवू नका, बीड तडकतं. बोल्टही साधे नकोत. डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा कोरलेले मागून घ्या, खाली स्प्रिंग वॉशर घाला. पहिल्या एक-दोन खेपांनंतर पाना लावून पुन्हा आवळा, कारण नवी जोडणी बसताना थोडी ढिली होतेच.

पिन भोकात सहज जावी, पण खुळखुळू नये. खेळ जास्त असला की प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक गिअरला हातोड्यासारखा ठोका बसतो. मधे कंबर पडलेली पिन टाकून द्या. भट्टीत तापवून, ठोकून सरळ केलेली पिन मऊ पडते, ती वापरू नका. खालच्या टोकाला लॉकपिन हवीच; तार पिळून भागवू नये. शिवाय एक जाड साखळी ट्रॉलीच्या दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत असावी. वळणापुरती ढील ठेवा आणि ती त्याच पिनेत अडकवू नका. पिन गेली तर साखळीही जाईल, मग ती बांधून काय उपयोग?

दोन चाकी ट्रॉली भरताना बैलगाडी आठवा. मागं जास्त भरली की गाडी उलाळ होते, तशी ट्रॉलीची दांडीही हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांची पकड सुटते. सगळा भार पुढं टाकला तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. ॲक्सलच्या किंचित पुढं वजन राहील अशी भरणी करा. चार चाकी ट्रॉलीत हा भार हुकावर येत नाही, पण ओढ तीच असते.

आता जोडणी. ट्रॅक्टर मागं येत असताना पोराला मधे पिन धरून उभं करू नका. क्लचवरचा पाय घसरला तर माणूस दोन लोखंडांत चिरडतो. ट्रॅक्टर थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, आणि मगच त्याला आत जाऊ द्या. सोडतानाही आधी ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. ट्रॉली मागं जड भरलेली असेल तर पिन काढताच दांडी उसळून वर येते, म्हणून तोंड दांडीवर वाकवून पिन उपसू नका. बाजूला उभं राहून काढा.