लगद्याची कवटी

टी. ई. लॉरेन्सला, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ला, मोटारसायकलच्या वेगाचं वेड होतं. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमध्ये, राहत्या घराजवळच, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्याची ब्रफ सुपीरियर कलंडली. डोक्यावर काहीच नव्हतं. १९ मे रोजी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. लष्करी निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या, म्हणजे डिस्पॅच रायडरच्या, हेल्मेटची गोष्ट केर्न्सला वगळून सांगताच येत नाही. तरी संग्राहकांच्या गप्पांत त्याचं नाव क्वचितच निघतं, याची मला खंत वाटते.

दुसऱ्या महायुद्धात निरोप, नकाशे, टाइप केलेले हुकूम घेऊन हे स्वार नॉर्टन किंवा बीएसएवर रात्री-अपरात्री निघत. ब्लॅकआउटमुळे दिवे झाकलेले. १९४० नंतर गावोगावच्या दिशादर्शक पाट्याही काढून टाकलेल्या. १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केर्न्सने हिशेब मांडला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे दगावले होते, बहुतेक डोक्याला मार लागून. हेल्मेट घालून अपघातात सापडलेले त्याला फक्त सात जण आढळले. सातही जगले. एवढ्याशा पुराव्यावर लष्कराने विश्वास ठेवला आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुण्यात हेल्मेटसक्तीवर वर्षानुवर्षं भांडणाऱ्यांनी हा निबंध एकदा वाचावाच.

या काळातलं खरं हेल्मेट म्हणजे लाकडाच्या लगद्याचं. लगदा दाबून केलेला घुमट, त्यावर रंग, आत डोकं तोलून धरणारी पट्ट्यांची जाळी, कान-मान झाकणारी झालर. हातात घेतलं की हलकं लागतं, बोटाने वाजवलं तर पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज येतो. नवखा ते खेळातलं समजून बाजूला ठेवतो. पण धक्का कवटीच्या एकाच जागी न बसता पसरावा आणि लगद्याने स्वतः चेपून, तडकून त्यातला जोर खावा, ही सारी करामत त्यातच आहे.

पोलादी हेल्मेट नंतर आलं. त्याच्या घुमटाचा आकार छत्रीधारी सैनिकांच्या आणि रणगाडा दलाच्या हेल्मेटसारखाच, आणि घोटाळा नेमका इथे होतो. छत्रीधारी सैनिकाच्या हेल्मेटला बाजारात कितीतरी जास्त भाव मिळतो. म्हणून स्वाराच्या हेल्मेटची चामड्याची झालर उचकटायची, जुनी भोकं बुजवायची, नवे पट्टे बसवायचे आणि वरून रंग मारायचा, असे उद्योग चालतात. घुमट उलटा करून तिरप्या उजेडात धरा. रंगाखाली बुजवलेल्या भोकांचे उंचवटे दिसतात. आतून बोट फिरवलं तर जाणवतातही. कारखान्याचं नाव, वर्ष, सरकारी बाणाचा ठसा हे सगळं पाहावं. मात्र 'बीएमबी' हा कारखान्याचा शिक्का तिन्ही प्रकारांवर सापडतो, त्यामुळे तेवढ्यावर भाळू नये. चामडं आणि टाके घुमटाइतकेच जुने दिसतात का, हे ठशाइतकंच महत्त्वाचं.

तडकलेलं लगद्याचं हेल्मेट विक्रेते 'खराब' म्हणून स्वस्तात काढतात. मी ते आधी घेईन. तडा लांबी भरून बुजवू नये, घुमटाला नवा रंग देऊ नये. पावसाळ्यात ते ओलीपासून जपावं, कारण लगदा ओल धरतो. आणि झालरीचं चामडं घडी न घालता मोकळं ठेवावं, नाहीतर ते घडीवरच चिरतं.