पंचगंगेकाठचा पोसायडन

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये काशाची एक मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. दाढीधारी, विवस्त्र, पीळदार अंगाचा पुरुष, एक हात उंचावलेला. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. बेळगावच्या टिळकवाडीतून निपाणीमार्गे निघालं की दोनेक तासांत त्याच्यापुढे उभं राहता येतं. तो मात्र इथवर पोहोचला तो काही शतकांच्या उलथापालथीतून.

मूर्ती सापडली ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, १९४० च्या दशकात. तिच्यासोबत काशाची भांडी आणि आरसेही निघाले. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि सातवाहनकाळातलं नांदतं नगर उजेडात आलं. या वस्तूंना घर हवं होतं. म्हणून १९४६ मध्ये कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय सुरू झालं आणि पुढे टाऊन हॉलच्या एकोणिसाव्या शतकातल्या देखण्या इमारतीत स्थिरावलं.

अभ्यासकांच्या मते ही मूर्ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास रोमन जगात घडली. घडण मात्र ग्रीक, आणि तीही अलेक्झांडरनंतरच्या काळात दूरवर पसरलेल्या ग्रीक कलेची. त्या काळाला इतिहासकार हेलेनिस्टिक युग म्हणतात. इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला अलेक्झांडरचा मृत्यू झाला तिथून, इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राच्या अंतापर्यंत, अशी जवळपास तीन शतकं.

त्याआधीचा ग्रीक माणूस आपल्या नगराचा होता. अथेन्सचा, स्पार्टाचा, कोरिंथचा. नागरिकत्व जन्माने मिळे. अथेन्ससारख्या ठिकाणी सभेत बोलण्याचा हक्क त्यातूनच येई. अलेक्झांडरच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतलं तेव्हा ही चौकट सैल झाली. इजिप्तमध्ये टॉलेमी, पश्चिम आशियात सेल्युकस, मॅसिडोनियात अँटिगोनसचं घराणं. नगरसभा चालू राहिल्या, पण मोठे निर्णय राजदरबारी होऊ लागले. सत्ता गेली, पसारा वाढला. निरनिराळ्या ग्रीक बोलींच्या जागी एक सर्वसामान्य ग्रीक भाषा रुजली आणि ती सीरियातला व्यापारीही बोलू लागला. इ.स.पू. ३३१ मध्ये वसवलेल्या अलेक्झांड्रियात ग्रंथालय उभं राहिलं. तिथल्या एराटोस्थेनिसने सावलीच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ मोजला. इजिप्शियन आणि ग्रीक श्रद्धांच्या मिश्रणातून सेरापिस हा देव पुढे आला. शिल्पकार निर्दोष तरुण देहांबरोबर थकलेली म्हातारी, झिंगलेला माणूस, वेदनेने पिळवटलेला चेहराही घडवू लागले. हे सारं तलवारीच्या जोरावर उभ्या राहिलेल्या राज्यांत घडलं, आणि त्या राज्यांत स्थानिक शेतकऱ्याला ग्रीक वसाहतवाल्याची बरोबरी क्वचितच मिळाली, हेही विसरून चालणार नाही.

या बदलाची पूर्वेकडची टोकं आपल्यापर्यंत येतात. बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा अगाथोक्लिस याने नाण्यांवर बलराम आणि वासुदेव कोरले. राजाचा मुखवटा नाण्यावर उमटवण्याची रीत इंडो-ग्रीकांकडून पश्चिम भारतातल्या शक क्षत्रपांकडे आली. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक लिपीतला मजकूर आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानावरच्या विजयानंतर स्वतःचे ठसे मारले होते.

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, खांब दान दिले. दात्यांपैकी एकाचं नाव सिंहध्वज, दुसऱ्याचं धम्म. नाशिकच्या लेण्यांत दत्तामित्रीच्या योनक, म्हणजे यवन, इंद्राग्निदत्ताने बुद्धासाठी लेणं खोदवलं. त्याच्या बापाचं नाव धर्मदेव. नावं इथली, देणगी बौद्ध संघाला, आणि तरीही लेखात स्वतःची यवन ही ओळख अभिमानाने नोंदलेली. ग्रीकपणाचं काय झालं याचं याहून नेमकं उत्तर मला कुठल्या ग्रंथात सापडत नाही. जन्मभूमीला जखडलेली गोष्ट तीन शतकांत अशी झाली, की ती घेऊन माणूस दुसऱ्या भूमीचा होऊ शकत होता.

समुद्रमार्गही हेलेनिस्टिक युगातच उघडला. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सिझिकसचा युडोक्सस टॉलेमींच्या इजिप्तमधून जहाजाने भारतात आला. रोमन काळात मोसमी वाऱ्यांवरचा हा व्यापार भरभराटला. माल कोकणच्या बंदरांत उतरे आणि घाट चढून देशावर येई. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातला भूगोलकार टॉलेमी ग्रीक भाषेत जगाचं वर्णन लिहायला बसला, तेव्हा त्याने दख्खनमधल्या बालेओकुरोस राजाची नोंद केली. कोल्हापूर परिसरात ज्याची नाणी मिळाली तो विळिवायकुर हाच, असं अनेक अभ्यासक मानतात.

टिळकवाडीकरांसाठी हा धागा आणखी जवळचा आहे. शेजारच्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननातही सातवाहनकालीन वस्ती निघाली. ब्रह्मपुरीचं नगर आणि आपल्या पायाखालचं हे गाव एकाच युगातले. त्याच सातवाहनांच्या मुखवट्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत लेख आहे, दुसऱ्या बाजूला द्राविडी वळणाच्या भाषेतला. मुखवट्याची कल्पना ग्रीकांकडून आलेली, भाषा मात्र इथल्या दोन, एकाच नाण्यावर शेजारी शेजारी.

मराठी-कन्नडच्या सीमेवर वाढलेल्या मुलांना हे नाणं आणि तो पोसायडन दाखवायला हवा. बेळगाव-निपाणीच्या शाळांच्या सहली पन्हाळ्याला जातात, जोतिबाला जातात. त्याच वाटेवर तासभर टाऊन हॉलसाठी काढावा. दुसऱ्याची भाषा आणि देव आपल्या अंगणात आले म्हणून इथलं काही बुडालं नाही. ग्रीकांचंही नाही. नगराबाहेर पडून बदलायला तयार झाल्यामुळेच ती संस्कृती तिची राज्यं बुडाल्यावरही उरली, आणि पंचगंगेकाठच्या कुणा घरापर्यंत पोहोचली.